अंगठा न मागणाऱ्या ताईंस

ताई, नमस्कार.

सायबर पोलीस ठाण्यात रोज इतकी माणसं येतात, आम्ही तुमच्या लक्षात असू असं नाही. हिरव्या लुगड्यातली, पासबुकासोबत पिशवीत भाकर बांधून आणलेली म्हातारी, ती माझी आई. कापसाचे पैसे आधार जोडलेल्या खात्यात जमा झाले, आणि कुणीतरी आधारच्या मशीनवर तिच्या अंगठ्याचा ठसा चालवून ते काढून घेतले. ना ओटीपी, ना पिन. आई तेव्हा वावरात तूर सोंगत होती.

"आंगठा त माह्या हाताले हाय, मंग चोरला कोनं?" हे तिनं आधी बँकेत विचारलं. साहेब हसले. मशीन खोटं बोलत नाही, घरातच विचारा, म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. बाजूला उभ्या असलेल्या आमच्या गावच्या दोघांनीही पाहिलं. अशा वेळी चूक ग्राहकाचीच होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं असतं, रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच तसं लिहून दिलंय, हे मला तुमच्याकडून कळलं. साहेबांना ते आधीच ठाऊक असणार.

तुम्ही तोच प्रश्न ऐकलात आणि उत्तर मला न देता आईला दिलंत. कागदावरचा ठसा उचलून त्याची रबरासारखी नक्कल करता येते, हे तिला उमजेपर्यंत सांगितलंत. मग अर्ज छापून आला. टेबलावर शाईचं पॅड उघडंच होतं. आईनं सवयीनं हात पुढे केला, मध्येच मागे घेतला आणि पदराखाली नेला. त्या दिवसांत ती रेशनच्या दुकानातही अंगठा लावायला तयार नव्हती. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही पॅडचं झाकण लावलं, ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि विचारलंत, "आजी, सही येते का?"

येते, ताई. साक्षरतेच्या वर्गात शिकली होती. पण खेड्यातली म्हातारी दिसली की लोक न विचारताच पॅड सरकवतात. एकेक अक्षर जुळवत तिनं पूर्ण नाव लिहिलं, आडनावाशी अडली, परत सुरू झाली. मागे माणसं खोळंबली होती, तुमचा फोन वाजत होता. "राहू द्या आजी" असं तुम्ही एकदाही म्हटलं नाही.

पुढचं सगळं तुम्ही सांगितलं तसंच झालं. गावात कुणी विचारलं तर मीही तेच सांगतो: लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, तीन कामाच्या दिवसांच्या आत बँकेला लेखी आणि त्याची पोच, आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक. आई त्याला आंगठ्याचं कुलूप म्हणते. रेशन आणायच्या दिवशी मी ते तेवढ्यापुरतं उघडून देतो.

आयटी कायद्याच्या ६६ सी कलमात दुसऱ्याची ओळख चोरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडणाऱ्याला काहीच नाही. बरं, चांगली माणसं आमच्याकडे कमी आहेत असंही नाही. काम झालं की आधारची जास्तीची झेरॉक्स आठवणीनं परत देणारा सेतूतला पोरगा आहे, आईसाठी फाट्याच्या अलीकडेच एसटी थांबवणारा कंडक्टर आहे. यांचं नाव कुठं छापून येत नाही, त्यांना त्याचं काही वाटतही नाही.

पैसे पाडव्याच्या आधी खात्यात परत आले. आई म्हणते, सोल्याचे, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांचे, दिवस आले की बाईले जेवाले बलाव, वांगे घालून भाजी करते. तुम्ही नियम सांगून नाही म्हणाल, म्हणून आधीच लिहितो: तक्रार निकाली निघाली आहे, आता ही लाच होत नाही.

तुमचा,
पासबुक धरून मागे उभा असलेला मुलगा