सायकलची सीट हातात आली!

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात सकाळी सहाला होटगी रोडने सायकलवर चाललो होतो, पट्टे पुसलेला गतिरोधक अंधारात दिसलाच नाही, दाणकन आपटलो आणि सीटचा पाईप, म्हणजे सीटपोस्ट, फ्रेमच्या तोंडापाशी कट्कन तुटला. नशीब मागे ट्रक नव्हता, कोपर आणि गुडघ्यावर निभावलं.

मला वाटलं गतिरोधकानेच तोडला. पण मेकॅनिकने तुटलेलं तोंड दाखवलं, अर्धा भाग काळपट आणि अर्धा चकचकीत. काळपट म्हणजे जुनी चीर, कधीची हळूहळू सरकत होती, त्या दिवशी फक्त उरलेलं तुटलं. अ‍ॅल्युमिनियमचं असंच असतं म्हणे, प्रत्येक दणका ते हिशोबात धरतं. आमचे आजोबा गिरणीच्या भोंग्याला ज्या काळ्या सायकलवर जायचे तिचा पाईप लोखंडी, तो बहुतेक वेळा आधी वाकायचा, म्हणजे माणसाला कळायचं तरी, आणि सीटखाली दोन जाड स्प्रिंगा होत्या, आता त्या गावठी वाटतात आपल्याला.

चूक माझीपण आहे. पोस्टवर एक आडवी रेघ असते, ती फ्रेमच्या आत गेलीच पाहिजे, बाहेर दिसली की पोस्ट आत कमी आहे आणि सगळा जोर फ्रेमच्या तोंडावर येतो, फ्रेमसुद्धा तडकू शकते. दुकानदाराने माझी उंची बघून सीट वर ओढून दिली, रेघ बाहेर होती, तो बोलला नाही, मी विचारलं नाही. उंच माणसाने सरळ लांब पोस्ट घ्यावा, पण जाडी मोजून, २७.२ मिमीच्या जागी २७ मिमीचा ठोकून बसवला की तो हलतो आणि मग लोक क्लॅम्प, म्हणजे पोस्ट धरणारी कडी, आवळत सुटतात.

आता मी सस्पेन्शनवाला, म्हणजे दणके पोटात घेणारा, पोस्ट लावलाय. यात दोन प्रकार. एक टेलिस्कोपिक, पाईपच्या आत स्प्रिंग किंवा रबरासारखा तुकडा, स्वस्त असतो, पण काही दिवसांनी सीट जराशी डावी-उजवी हलायला लागते. दुसरा लिंकवाला, म्हणजे सांध्यांवर हलणाऱ्या छोट्या दांड्यांचा, तो दणका बसला की सीट खाली आणि मागे नेतो, छोटे खड्डेही पकडतो, पण महाग, आणि दोन्ही साध्या पोस्टपेक्षा जड. मी पहिलाच घेतला, खिसा बघून. खालचा बोल्ट आपल्या वजनाप्रमाणे आवळायचा आणि सीटची उंची वर बसूनच ठरवायची, कारण बसल्यावर तो थोडा दबतो. विजापूर रोडने कंबर तलावापर्यंत जाऊन आलो, पाठ खरंच कमी दुखली. पण हातांना बसणारे दणके तसेच, त्याला हा काय करणार. आणि ज्यांची सीट आधीच फ्रेमला टेकलेली त्यांना हा बसतच नाही, त्याला बाहेर जागा लागते.

कुणी असं समजू नये की स्प्रिंग आहे म्हणून तुटणार नाही, रेघ यालाही आहे. महिन्यातून एकदा पोस्ट बाहेर काढा, पुसा, तोंडापाशी नख फिरवून चीर लागते का बघा, ग्रीस लावा आणि परत टाका, नाहीतर लोखंडी फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट असा चिकटतो की पाना लावून पण फिरत नाही.

बाकी होटगी रोडच्या त्या गतिरोधकाला पांढरे पट्टे मारायचं तेवढं कोणीतरी बघा.

आपला,
एक सायकलवाला, जुळे सोलापूर