प्रिय जजसाहेब, लालमनला ५०१ रुपये मिळाले नाहीत

प्रिय जजसाहेब,

न्यायाधीशाच्या परीक्षेचा अभ्यास करायचीस म्हणून अभ्यासिकेत सगळे तुला याच नावानं चिडवायचे, मीही तेच लिहिते. खरं नाव लिहिलं तर तू रागावशील. गेल्या आठवड्यात पुस्तक बदलायला वाचनालयात गेले, तर खिडकीजवळच्या तुझ्या टेबलावर पोलीस भरतीचा एक मुलगा बसलेला. विचारल्यावर कळलं, तू नाशिकला एका वकिलांकडे ज्युनियर म्हणून लागलीस. २० मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं ना, की कनिष्ठ न्यायाधीश व्हायचं तर आधी ३ वर्षं वकिली हवी, दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत पेपर वाचताना पहिली तूच आठवलीस. पण मी फोन केला नाही. काय बोलावं ते सुचलं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही दोन वर्षं उशिरा.

डिसेंबर २०२२मध्ये मी त्या अभ्यासिकेत पहिल्यांदा आले, तेव्हा मला ३८वं चालू होतं. तू उठून म्हणालीस, "काकू, मुलाला न्यायला आलात का?" खरं सांगू, तिथूनच परत फिरणार होते. सिन्नरच्या पतसंस्थेत मी १४ वर्षं सहकार कायद्याच्या कलम १०१खाली थकीत कर्जाच्या वसुलीची कागदपत्रं टाइप करत होते. कर्जदार यायचे, नोटीस पुढे करून विचारायचे, "ताई, म्हणजे आता काय होणार?" आणि मी सांगायचे, "साहेबांना विचारा." तेवढ्यासाठी मला वकिली शिकायची होती. घरी हे सांगितल्यावर सगळे हसले. तू हसली नाहीस. तू विचारलंस, "पदवीला किती टक्के?" बी.कॉम.ला ५१ होते. "४५ लागतात. वयाची अट नाही. बसा."

एलएलबीच्या प्रवेश परीक्षेच्या, म्हणजे सीईटीच्या, पहिल्या सराव पेपरात कायद्याच्या ३० प्रश्नांपैकी माझे ११ बरोबर आले. त्यातला एक प्रश्न अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे. वर नियम दिलेला: ज्याला प्रस्तावाची माहितीच नाही, तो प्रस्ताव स्वीकारू शकत नाही. खाली गोष्ट: मालकाचा पुतण्या घरातून पळाला, मालकानं मुनीमाला शोधायला पाठवलं, मुनीम गेल्यावर ५०१ रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. मुनीमानं पोरगा शोधून आणला आणि मग त्याला बक्षिसाचं कळलं. ते त्याला मिळेल का? मी ठणकावून "मिळेल"वर खूण केली. तू फुली मारलीस. मग अर्धा तास मी भांडले. एवढ्या लांब गेला, पोरगा सुखरूप आणला, आणि मालकाचे ५०१ रुपये वाचवायला कायदा धावून येतो?

तू पाण्याची बाटली बंद केलीस आणि म्हणालीस, "काकू, तुम्हाला न्याय करायला बसवलेलं नाही. वरचा नियम खालच्या गोष्टीला लावा. त्यात जे लिहिलंय तेवढंच वाचा. तुमच्या मनातलं त्यात घालू नका." मग सांगितलंस की ही खरी केस आहे, लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त, १९१३, अलाहाबाद उच्च न्यायालय, आणि लालमन हरला. मला त्या रात्री झोप लागली नाही, हसू नकोस.

पण ती किल्ली होती. महिनाभरात ३०पैकी २४ येऊ लागले. बाकीचं तू एका जुन्या पत्रिकेच्या पाठीवर लिहून दिलंस: इंग्रजी ५०, सामान्य ज्ञान ४०, कायदा ३०, तर्क ३०. तेव्हा एकूण १५० प्रश्न असायचे, १२० मिनिटं, म्हणजे एकाला ४८ सेकंद. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. हे मला फार जड गेलं. येत नसेल तर गप्प बसावं, असं आम्हाला वाढवलंय. तू फोनवर ४८ सेकंद लावायचीस आणि वाजलं की माझ्या हातातला पेपर ओढायचीस. इंग्रजीसाठी रोज एक अग्रलेख मोठ्यानं वाचायला लावलास. पोलीस भरतीवाल्यांनी तक्रार केली म्हणून मग जिन्यात उभं राहून वाचायचे.

सामान्य ज्ञानात तू मला एक बाई भेटवलीस. कॉर्नेलिया सोराबजी, १८६६ साली आपल्या नाशकात जन्मलेली. तिनं १८९२ला ऑक्सफर्डमध्ये कायद्याची परीक्षा दिली आणि पदवी हातात पडली १९२२ला, कारण १९२०पर्यंत बायकांना पदवी द्यायचीच नाही असा तिथला नियम. आपल्याकडे बायकांना वकिलीची वाट मोकळी झाली ती १९२३च्या कायद्यानं. मी म्हटलं, तिची ३० वर्षं, माझी पदवीनंतरची १८, मग मी लवकरच आले की.

त्या १८ वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागलं, आठवतंय? "या कालावधीत मी कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही." दोन बाळंतपणं, सासूबाईंचं आजारपण, १४ वर्षांची नोकरी, सगळं त्या एका ओळीत बसलं.

परीक्षा मे महिन्यात झाली आणि बरी गेली. खरी परीक्षा तर नंतर होती. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. ज्या दुकानात अर्ज भरला, तिथल्या पोरानं "चालतंय ओ" म्हणून तसाच पाठवला, आणि पडताळणीत तो परत आला. दुरुस्तीला मोजके दिवस. मी रडायच्या बेतात, आणि तू काय केलंस तर माहितीपुस्तिका उघडून कागदपत्रांची यादी माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलीस. "त्यात जे लिहिलंय तेवढंच वाचा." विवाह नोंदणी प्रमाणपत्र. आमचं लग्न २००७चं, नोंदणी केलेलीच नाही!

तू स्कूटी काढलीस. माहेरी जाऊन ट्रंकेच्या तळातून लग्नपत्रिका काढली, फोटो काढले, विवाह नोंदणीचा नमुना ड भरला. तीन साक्षीदार मिळाले: मामा, आत्या आणि मंडपवाला. राहिले गुरुजी. ते ८० पार गेलेले, ओट्यावर बसून शेंगा निवडत होते. "तुझं लग्न मी लावलं?" त्यांना काही केल्या आठवेना. तू अल्बम त्यांच्या मांडीवर ठेवलास. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हा मीच. तेव्हा केस होते." सही करताना हात थरथरत होता, तू खाली पाट धरून बसलीस. परत येताना घाटात पाऊस लागला आणि ते कागद तू जर्किनच्या आत पोटाशी धरलेस. स्वतः भिजलीस. त्याबद्दल तुला नीट काही बोललेच नाही मी, उलट वाटेत गाडी हळू चालव म्हणून ओरडले.

कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना मी हट्टानं मुंबईचं गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज पहिलं टाकणार होते. १८५५चं कॉलेज, १९३५ला बाबासाहेब तिथे प्राचार्य झाले, आपलं नाव निदान त्या यादीत तरी असावं. घरचे, दारचे सगळे विचारत होते, मुलांचा डबा कोण करणार. तू ते विचारलं नाहीस. तू विचारलंस, "एसटी किती वाजताची आहे?" मग नाशिकचं कॉलेज पहिलं टाकलं. सकाळचे वर्ग, दुपारी पतसंस्था. डबा नवरा करतो. भाजी रोज तीच असते, पण करतो.

गेल्या महिन्यात एक कर्जदार नोटीस घेऊन आला. मी खुर्ची पुढे केली आणि ओळ न् ओळ वाचून त्याला सांगितली.

आणि हो, लालमन. पहिल्याच सेमिस्टरला कराराच्या पेपरात तो आला. वस्तुस्थिती लिहिली, निकाल लिहिला, प्रस्तावाची माहिती असणं का गरजेचं तेही लिहिलं. वेळ उरला होता. खाली नवी ओळ घेऊन "तरीपण" एवढं लिहिलं. मग तुझा चेहरा आठवला आणि ते खोडलं. नीट नाही खोडलं, वाचता येईल इतपतच.

तुझी,
काकू
(ताई म्हणायला तू शेवटपर्यंत शिकली नाहीस)