दर लाखामागे पन्नास, आणि गावात माणसं दोन हजार

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दिवाळी उरकली की पुण्यात जैसलमेरची चौकशी सुरू होते. समची वाळूची टेकाडं की खुरीची, तंबू की किल्ल्यातलं हॉटेल, हे सगळं ठरलं की शेवटी घरातलं कोणीतरी विचारतंच, "तिकडे सेफ आहे ना?" मग नातेवाइकांच्या ग्रुपवर एखादं कात्रण येतं: वाळवंटातल्या अमुक गावात गुन्ह्यांचा दर राष्ट्रीय सरासरीच्या वीसपट. नाहीतर याच्या नेमकं उलट: तिथे वर्षानुवर्षं गुन्हाच नाही, लोक दाराला कडीही घालत नाहीत. दोन्ही कात्रणांच्या पोटात चूक एकच आहे, आणि ती छापील बातम्यांतही वरचेवर दिसते, म्हणून हे पत्र.

गुन्ह्याचा दर काढायला पाचवीचं गणित पुरतं. वर्षभरात नोंदलेले गुन्हे भागिले लोकसंख्या, गुणिले एक लाख. २०२२ मध्ये देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले आणि दर आला लाखामागे २.१. आता थरच्या वाळवंटातलं दोन हजार वस्तीचं एक गाव घ्या. ते देशाच्या सरासरीइतकंच बरं-वाईट असेल, तर तिथे साधारण चोवीस वर्षांतून एक खून होईल. ज्या वर्षी होईल त्या वर्षी दर पन्नास, उरलेली तेवीस वर्षं शून्य. २.१ हा आकडा त्या गावाच्या नशिबी कधीच नाही. म्हणजे चराईवरून एकदाच कुऱ्हाड उगारली गेली आणि बातमीदाराने नेमकं तेच वर्ष उचललं, की गाव 'देशात सर्वाधिक असुरक्षित' ठरतं. मागचं वर्ष उचललं असतं, तर तेच गाव रामराज्य!

शून्यालाही फसू नये. सलग पाच वर्षं एकही खून नाही, एवढ्यावरून वर्षाला सरासरी ०.६ खुनांपर्यंतची शक्यता नाकारता येत नाही (संख्याशास्त्रातला साधा ताळा: तीन भागिले निरीक्षणाची वर्षं). दोन हजार वस्तीला ते लाखामागे तीसपर्यंत जातं. पाच वर्षांच्या शांततेवरून त्या गावाला सुरक्षित म्हणता येत नाही, तसंच असुरक्षितही.

चोऱ्यांचंही तेच. मागच्या वर्षी चार, यंदा आठ. मथळा तयार: 'चोऱ्या दुप्पट'. इथे दुसरा ढोबळ ताळा लावावा: जो आकडा असेल त्याचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा, आणि तेवढं अलीकडे-पलीकडे धरा. सरासरी सहा असेल तर एक ते अकरापर्यंत काहीही निव्वळ योगायोगाने होऊ शकतं. शंभर असेल तर ऐंशी ते एकशेवीस. अख्ख्या जैसलमेर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ६,६९,९१९ होती. राष्ट्रीय सरासरी लावली तर वर्षाला सुमारे चौदा खून. एका वर्षी आठ झाले आणि पुढच्या वर्षी वीस, तरी त्यावरून 'गुन्हेगारी फोफावली' असं म्हणता येत नाही. अख्ख्या जिल्ह्याची ही गत, मग गावाची काय कथा.

भाजकाची गोष्ट तर आणखी गमतीची आहे. दरात भागायचं ते तिथे राहणाऱ्यांच्या संख्येने. डिसेंबरात समच्या टेकाडांभोवतीचे कॅम्प भरतात तेव्हा पाहुणे गावकऱ्यांना भारी पडतात, पण भाजकात त्यांचा पत्ता नसतो. त्यांचा मोबाइल चोरीला गेला, तर तो गुन्हा मात्र अंशात जमा होतो. लोणावळ्याला आणि महाबळेश्वरला हाच अन्याय होतो. आणि वाळवंटावर हसण्याआधी आपण पुणेकरांनी स्वतःचा भाजक बघावा: राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालातही महानगरांचे दर २०११ च्या लोकसंख्येवर काढलेले आहेत, पुण्यासाठी ५०.५ लाख. तेव्हापासून शहर किती वाढलं ते रोज संध्याकाळी नळ स्टॉपला उभं राहणाऱ्याला सांगायला नको. भाजक जुना, गुन्हे ताजे, दर फुगणारच.

अंश तरी कुठे धड असतो? एकाच एफआयआरमध्ये पाच कलमं असली, तर राष्ट्रीय अहवालात त्यातलं सर्वांत गंभीर तेवढं मोजलं जातं. जबरी चोरी करताना खून झाला, तर तो खून. जबरी चोरी आकड्यातून गायब. शिवाय वाळवंटी वाडीतल्या, ज्याला तिथे ढाणी म्हणतात, कित्येक गोष्टी पंचांतच मिटतात. ठाणं लांब, जाण्यायेण्यात दिवस मोडतो, आणि समोरचा माणूस उद्या त्याच टाक्यावर पाणी भरायला भेटणार असतो. बायकांच्या तक्रारी तर उंबऱ्याबाहेरही पडत नाहीत. म्हणून एखाद्या ठाण्यात नोंदी अचानक वाढल्या, तर तो नव्या ठाणेदाराने तक्रारी लिहून घ्यायला सुरुवात केल्याचा परिणामही असू शकतो. आमच्या मते छोट्या जागेत नोंदी वाढणं ही अनेकदा चांगली बातमी असते, पण तसा मथळा कोण देणार?

मग अशा जागेची सुरक्षितता जोखायची कशी? अंतराने. जैसलमेर जिल्हा ३८,४०१ चौरस किलोमीटर, जवळपास अख्ख्या केरळएवढा, आणि २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरमागे माणसं फक्त १७. पुणे जिल्ह्यात ६०३. सम हे जैसलमेर शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटर. ११२ ला फोन लागला आणि गाडी लगेच निघाली, तरी पाऊण तास धरावा. टेकाडांच्या मागे रेंज गेलेली असेल तर फोन लागेपर्यंतचा वेळ वेगळा. गंभीर जखमी माणसाला जोधपूर गाठायचं तर रस्ता पावणेतीनशे किलोमीटरच्या पुढे. या हिशेबात चोरापेक्षा जीप जास्त धोक्याची आहे. वाळूवर चढण्यासाठी चालक टायरची हवा पंधरा-अठरा पीएसआयपर्यंत उतरवतात, ते बरोबरच आहे. पण त्याच टायरांवर पुढे डांबरी रस्त्याने वेगात गाडी हाणली, की टायर तापतो आणि वळणावर रिममधून सुटतो. मागच्या हौद्यात उभं राहून फोटो काढण्याची जी टूम आहे, तिच्यात टेकाडाच्या पलीकडच्या उतारावर गाडी आडवी झाली तर धरायला काही नसतं. चालकाला दोन गोष्टी सांगाव्यात: सगळे बसल्याशिवाय गाडी हलवायची नाही, आणि उतार तिरका कापायचा नाही, सरळ उतरायचा.

वाळवंटाची एक सोय मात्र पुण्यात नाही. तिथे चोर पावलं मागे ठेवून जातो. सीमेवर वाळूचा पट्टा ओढून गुळगुळीत केला जातो आणि पहाटे त्यावर रात्रीचा माग पाहतात. याला 'खुरा' बघणं म्हणतात. गावातले पगी, म्हणजे माग काढणारे, पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेले. ओझं घेतलेल्या माणसाची टाच खोल जाते आणि पावलं जवळ पडतात. उलट चालून फसवू पाहणाऱ्याची वाळू टाचेऐवजी चवड्याकडे ढकललेली दिसते. उंटाचा पुढचा पाय मागच्यापेक्षा मोठा, त्यामुळे तो कुठल्या दिशेला गेला हेही कळतं. बघायची वेळ सकाळची, ऊन तिरपं असताना, कारण सावलीने ठशाची कड उठते; दुपारच्या वाऱ्यात सगळं पुसलं जातं. म्हणून रात्री तंबूतून काही गेलं, तर पहिलं काम आरडाओरडा करत तंबूभोवती धावण्याचं नाही. सगळ्यांना एका बाजूला थांबवा, आणि जो ठसा स्पष्ट असेल त्यावर घमेलं किंवा परात पालथी घाला. पोलिसांना साचा घ्यायचा झाला, तर सुक्या वाळूवर आधी लाखेसारखा फवारा मारून थर बसवावा लागतो, मगच प्लास्टर ओततात; थेट ओतलं तर ठसा कोसळतो. पण पन्नास जणांच्या चपला त्यावरून गेल्या की पगीही हात टेकतो.

तंबूच्या चेनला छोटं कुलूप लावून निर्धास्त झोपणारे बरेच असतात. चेनचं कुलूप कापडाला थांबवत नाही. खालची झालर उचलली की हात आत जातो. सायकलची लॉकवायर न्यावी, बॅगेच्या दांड्यातून काढून खाटेच्या पायाला अडकवावी. पाकीट नि फोन उशीखाली नकोत, पांघरुणाच्या आत घ्यावेत. जानेवारीत पारा सात-आठ अंशांवर उतरतो, त्यामुळे पांघरूण कोणी बाजूला सारत नाही.

खरी लूट मात्र वाळूत होतच नाही. ती स्टेशनवर आणि फोनवर होते. स्टेशनबाहेर अंगावर येणाऱ्या दलालांना तिकडे 'लपके' म्हणतात. "तुमचं हॉटेल बंद पडलंय, दुसरीकडे नेतो" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्यासाठी राजस्थानात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. रिक्षात बसण्याआधी हॉटेलला स्वतः फोन लावणं, एवढा उपाय पुरतो. उंटाचा सौदा करताना नुसता आकडा ठरवू नये: माणशी की उंटामागे, सूर्यास्तापर्यंत की परत कॅम्पपर्यंत, हे बसण्याआधी बोलून घ्यावं. वर चढल्यावर भाव आपल्या हातात राहत नाही.

आणि फोनवरची लूट, म्हणजे बनावट संकेतस्थळावरून कॅम्पचं बुकिंग, ही कोथरूडमधल्या सोफ्यावर बसून होते. तिचा गुन्हा बहुतेक पुण्यातच नोंदला जातो. वाळवंटातल्या गावाच्या दरात ती दिसत नाही, आपल्या दरात दिसते! आगाऊ रक्कम व्यक्तीच्या नावावरच्या यूपीआयला मागत असतील, तर थांबावं. बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून नाव जुळतं का पाहावं. पैसे गेलेच तर आधी १९३० (सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक), मग बाकी सगळे. तिथे नोंद जितकी लवकर होईल तितकी रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता जास्त.

संपादक महोदय, आपल्याकडे मागणं एवढंच. एक लाखाहून कमी वस्तीच्या कुठल्याही जागेचा गुन्हेदर छापताना त्याच ओळीत तीन गोष्टी द्याव्यात: प्रत्यक्ष गुन्हे किती, लोकसंख्या किती आणि कुठल्या सालची, आणि मागच्या पाच वर्षांचे आकडे. चौथं जमलं तर जवळच्या ठाण्याचं आणि रुग्णालयाचं अंतर. जागा नसेल, तर दर गाळावा आणि नुसते गुन्हे छापावेत. "दोन हजार वस्तीत गेल्या पाच वर्षांत एक खून, नऊ चोऱ्या" हे वाक्य कोणालाही कळतं.

परत आल्यावर चोरी लक्षात आली, तर जैसलमेरला पुन्हा जावं लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असली तरी पुण्यातल्या ठाण्यात माहिती द्यावी, तिथून ती शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर) जैसलमेरच्या ठाण्याकडे वर्ग होते. ऑनलाइन दिली असेल, तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी.

आपले,
गुन्हे-आकडेवारीचे दोन अभ्यासक
सदाशिव पेठ, पुणे ३०