सही सिस्टरची, अधिकार कुणाचा?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सरकारी रुग्णालयांतील परिसेविका व अधिसेविका यांना जबाबदारीच्या प्रमाणात अधिकार मिळण्याबाबत

महोदय,

सेवेत असते तर हे पत्र लिहिता आलं नसतं. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आडवे आले असते. आता निवृत्त झाले, निवृत्तिवेतनही सुरू झालं, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते. आधी अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स, मग वॉर्डची इन्चार्ज म्हणजे आपल्या कागदांतली परिसेविका, आणि शेवटी अधिसेविका. लोक अजून मेट्रनच म्हणतात. तिन्ही खुर्च्यांवरून रुग्णालय वेगवेगळं दिसतं, पण एक गोष्ट तिथून सारखीच दिसली. वॉर्डातल्या जवळपास प्रत्येक कागदावर सही सिस्टरची असते, आणि त्या कागदात लिहिलेली गोष्ट घडवून आणण्याचा अधिकार दुसऱ्याच कुणाकडे असतो.

पगार, भत्ते, कंत्राटी भरती यांबद्दल संघटना बोलत आल्या आहेत. २०२२ च्या मे महिन्यात बाह्यस्रोतांमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा तो विषय पुरेसा गाजला. मी त्यात शिरत नाही. मला इन्चार्ज सिस्टरच्या टेबलाबद्दल बोलायचं आहे.

त्या टेबलावर काय असतं ते आपल्या सचिवांना विचारून कळणार नाही. सकाळी रात्रपाळीकडून ओव्हर, म्हणजे रुग्णांची माहिती आणि वॉर्डचा ताबा, घ्यायचा. इमर्जन्सी ट्रे पाहायचा, ऑक्सिजनचे सिलिंडर किती भरलेले आणि किती रिकामे ते बघायचं, नशेच्या औषधांच्या कपाटाची किल्ली आणि रजिस्टर जुळवायचं. मग राउंड. राउंडमध्ये डॉक्टर जे बोलतात त्यातलं निम्मं केसपेपरवर उतरतं, उरलेलं सिस्टरच्या डोक्यात राहतं. नंतर इंडेंट म्हणजे सामानाचं मागणीपत्र, ई-औषधी या औषधसाठ्याच्या संगणक प्रणालीवरची नोंद, डायटचा आकडा, धोब्याकडे गेलेल्या चादरी आणि परत आलेल्या चादरी. या दोन आकड्यांचं मी कधी पटताना पाहिलेलं नाही. मधूनच कुणीतरी येऊन सांगतं की कायाकल्पची तपासणी आहे, फायली तयार ठेवा. २०१५ पासून स्वच्छतेसाठी कायाकल्प, २०१७ पासून प्रसूतिगृहासाठी लक्ष्य. योजना चांगल्या आहेत, त्यांच्यामुळे हात धुण्याची बेसिनं आली, हे मी नाकारत नाही. पण फायली भरणारी बाई तीच, रुग्ण बघणारीही तीच, आणि तपासणीच्या आठवड्यात रुग्ण कमी दाखल होत नाहीत.

डेड स्टॉक रजिस्टर म्हणजे वॉर्डातल्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही. तिच्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण बाहेरच्यांना ते विनोदी वाटतं. नवी इन्चार्ज वॉर्डचा चार्ज घेते तेव्हा आधीच्या कित्येक जणींच्या काळातल्या वस्तूंवर सही करते. सलाइन स्टँड, बेडपॅन, लॉकर, ब्लँकेट, कुठल्याशा साथीत आलेल्या खाटा. त्यातल्या काही मोडक्या अवस्थेत जिन्याखाली असतात, काही कुठेच नसतात. मोडकं टाकून देता येत नाही, कारण आधी निर्लेखन, म्हणजे ती वस्तू रजिस्टरमधून रीतसर कमी करणं, व्हावं लागतं. निर्लेखनाची समिती बसते तेव्हा बसते. मग निवृत्तीच्या वेळी ना-देय प्रमाणपत्र अडतं. माझ्या ओळखीच्या एका परिसेविकेला आयुष्यभराच्या नोकरीनंतर शेवटचे काही महिने ब्लँकेटं शोधण्यात घालवावे लागले. रुग्णसेवेबद्दल तिला तेवढ्या काळात कुणी एक प्रश्न विचारला नाही.

आता ड्युटी लिस्टकडे येते. वॉर्डात एक परिचारिका चोवीस तास हजर हवी असेल तर आठवड्याला २१ पाळ्या भराव्या लागतात. एक जण साप्ताहिक सुट्टी धरून ६ पाळ्या करते. म्हणजे एका जागेला साडेतीन जणी, तेही कुणी आजारी पडलं नाही, कुणाच्या घरी लग्न निघालं नाही तर. प्रत्येक पाळीत दोघी हव्यात म्हटलं की सात. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत रजेसाठी ३० टक्के जादा जागा धरल्या आहेत, त्या मिळवल्या तर नऊ. हे नऊचं गणित फक्त दोघींसाठी आहे. अतिदक्षता विभागाला हेच निकष एका खाटेमागे एक परिचारिका सांगतात, त्याचं गणित मांडत बसत नाही.

इन्चार्जच्या यादीत नऊ नावं असली तरी ती खरी नसतात. एक प्रसूती रजेवर, १८० दिवस. एक बालसंगोपन रजेवर. एक ‘तात्पुरती’ दुसऱ्या विभागात गेलेली, जिला परत पाठवायचं कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही. एक मंत्र्यांच्या दौऱ्यातल्या पथकात (क्षमा असावी). एक बंधपत्रित, म्हणजे ठरावीक मुदतीच्या बंधपत्रावर आलेली, ती मुदतही संपत आलेली. प्रसूती आणि बालसंगोपनाची रजा शासनाने दिली याचं मला मनापासून कौतुक आहे, माझ्या पिढीतल्या बायकांना त्यातली अर्धीही मिळाली नाही. पण रजा देणाऱ्या शासनाने त्या जागी दुसरी बाई दिली नाही, तर ती रजा प्रत्यक्षात देते ती वॉर्डातली दुसरी परिचारिका, तिची साप्ताहिक सुट्टी मोडून. आणि सुट्टी मोडायला सांगणारी वाईट कोण ठरते? इन्चार्ज. रात्री साडेनऊला फोन करून ‘उद्या येशील का गं’ विचारणारी. एवढं करूनही माणसं पुरली नाहीत तर जीएनएम या परिचर्या पदविकेच्या विद्यार्थिनींना पुढे करायचं. त्या शिकायला आलेल्या असतात. त्यांच्या शिक्षिका म्हणजे पाठ्यनिर्देशिका आणि वॉर्डच्या इन्चार्ज यांच्यात यावरून कायम वाद असतो, आणि दोघींचंही बरोबर असतं.

डॉक्टर कमी असले तर शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते. परिचारिका कमी आहेत म्हणून खाटा कमी करा, असं म्हणण्याचा अधिकार अधिसेविकेला नाही. जमिनीवर गादी टाकून रुग्ण घेतला की तो खाटांच्या आकड्यात येत नाही, पण इंजेक्शन त्यालाही द्यावंच लागतं.

स्वच्छतेचं तर याहून विचित्र आहे. पूर्वी वॉर्डातल्या मामा-मावशी शासनाच्या असायच्या. त्या ऐकायच्या असं नाही, पण त्यांचा गोपनीय अहवाल लिहिला जायचा. आता बऱ्याच ठिकाणी सफाई कंत्राटावर आहे, दारावरचे सुरक्षारक्षकही कंत्राटावर. हजेरी कंत्राटदाराच्या सुपरवायझरकडे, बिल कार्यालयाकडे, आणि ‘वॉर्ड घाण का?’ हा प्रश्न सिस्टरकडे. २०१६ च्या नियमांप्रमाणे जैववैद्यकीय कचरा पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या डब्यांत वेगळा करायचा. लाल पिशवीत सुई सापडली तर नोटीस इन्चार्जला येते. पिशवी बदलायला माणूसच आला नव्हता, हे तिच्या खुलाशात असतं. खुलासा फायलीला लागतो, आणि कंत्राटदाराचं बिल निघतं.

हे फक्त परिचारिकांच्या वाट्याला येतं असंही नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात दोन दिवसांत ३१ रुग्णांचे मृत्यू झाले, तेव्हा एका खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांना कॅमेऱ्यांसमोर स्वच्छतागृह साफ करायला लावलं. एवढ्या मोठ्या खुर्चीची ही गत, तर इन्चार्जला वॉर्डात नातेवाईक काय ऐकवत असतील ते आपण समजू शकाल. वैद्यकीय सेवेतल्या माणसांवरच्या हिंसेविरुद्ध राज्याचा २०१० चा कायदा आहे. मारामारी झाली तर तो कामी येतो. रोजच्या शिव्यांना कायदा नाही, आणि शिव्या बहुतेक वेळा डॉक्टर कुठे आहेत, औषध बाहेरून का आणायचं, खाट का नाही, यासाठीच असतात. यातलं काहीच तिच्या हातात नसतं.

आता आगीबद्दल. ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू विभागाला आग लागून १० बाळं गेली, ७ वाचली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, ११ रुग्ण गेले. भंडाऱ्यात दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. नगरला सुरुवातीला अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकारी महिलेला आणि तीन परिचारिकांना. कोण कुठे चुकलं हे न्यायालय ठरवेल, त्यावर मी काही म्हणत नाही. मला दिसतं ते एवढंच, की इमारत आणि विद्युतीकरणाची देखभाल सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असते, अग्निसुरक्षेच्या तपासणीचे कागद कार्यालयात असतात, उपकरणांचे देखभाल करार आणखी कुणाकडे असतात, आणि पोलीस येतात तेव्हा वॉर्डात सापडते ती परिचारिका. त्या वर्षी राज्यभरातल्या इन्चार्ज सिस्टरनी एक नवी सवय लावून घेतली. प्लग गरम होतो, स्विचमधून वास येतो, काहीही असलं की लेखी कळवायचं, आणि पोच घेतलेली प्रत घरी नेऊन ठेवायची. रुग्णालयातल्या कागदाची प्रत घरी ठेवावीशी वाटते, याचा अर्थ आपल्या खात्याने नीट वाचावा.

दरवर्षी १२ मेला फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाने मेणबत्त्या लावतात. मीही लावल्या. भाषणांत दिवा, त्याग, ममता सगळं येतं. पण १८५४ मध्ये ती क्रिमियन युद्धातल्या सैनिकांसाठी ३८ जणींना घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीला गेली तेव्हा दिव्यापेक्षा महत्त्वाचं असं काही तिच्याकडे होतं. ब्रिटनच्या युद्ध खात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांचं नेमणूकपत्र, आणि खर्च करता येईल असा पैसा. गंमत म्हणजे ते पत्र तुर्कस्तानातल्या रुग्णालयांपुरतं होतं. ती क्रिमियात गेल्यावर तिथल्या वैद्यकीय प्रमुखांनी नेमकं यावरच बोट ठेवलं, की इथे तुमचा हुकूम चालत नाही. तिने तक्रारी लिहिल्या, पाठपुरावा केला, आणि मार्च १८५६ मध्ये लष्करी आदेश निघून सगळ्या परिचारिकांवरचा तिचा अधिकार मान्य झाला. तोवर युद्ध संपत आलं होतं. म्हणजे जिच्या नावाने आपण आम्हाला शपथ देता, तीसुद्धा शेवटपर्यंत एका जीआरसाठीच भांडत होती.

माझ्या मागण्या खर्चाच्या फार नाहीत. पहिली सोपी आहे. सफाई, सुरक्षा आणि कपडे धुलाई यांच्या कंत्राटदाराचं महिन्याचं बिल त्या त्या वॉर्डच्या इन्चार्जच्या सहीशिवाय निघू नये, आणि तिने नोंदवलेली गैरहजेरी बिलातून कापली जावी. आमच्या सह्यांची एवढी आवड आहे तर त्यातली एखादी उपयोगाचीही असू द्या. याला विरोध होईल. कुणाकडून होईल हे मी लिहायची गरज नाही.

दुसरी, रजेच्या ३० टक्के जागा. त्या मंजूर करून भरा, आणि जिल्हा पातळीवर अधिसेविकेच्या हाताखाली ठेवा, म्हणजे रजेवर गेलेल्या बाईच्या जागी बाई पाठवता येईल. तोंडी आदेशाने परिचारिकेला वॉर्डाबाहेर नेणं बंद व्हावं. अधिसेविकेची लेखी संमती नसेल तर कुणी हलवू नये, मग पथक कुणाचंही असो.

चौकशीबद्दल मला थोडं ताठर राहावं लागेल. रुग्णालयात दुर्घटना झाली तर चौकशी समितीत परिचर्येतली एक अनुभवी, बाहेरच्या जिल्ह्यातली व्यक्ती असलीच पाहिजे. त्या पाळीत किती रुग्णांमागे किती परिचारिका होत्या, आधी लेखी तक्रारी काय गेल्या होत्या आणि त्यांचं काय झालं, हे अहवालाच्या पहिल्या पानावर यावं. परिचारिका चुकतात. निष्काळजीपणाही असतो, मी स्वतः कारवाईसाठी अहवाल पाठवले आहेत. पण ज्याच्या टेबलावर तक्रार पडून राहिली, त्याचं नावही त्याच पानावर येऊ द्या.

आणि अधिसेविकेची जागा रिकामी ठेवून सर्वांत ज्येष्ठ परिसेविकेला ‘अतिरिक्त कार्यभार’ देण्याची पद्धत थांबवा. ती वॉर्डही बघते आणि रुग्णालयही, आणि पदोन्नतीचा आदेश हातात पडतो तोवर निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलेलं असतं. अंदाजपत्रक कसं वाचायचं, कंत्राटातल्या अटी कशा तपासायच्या, याचं प्रशिक्षण तिला कुणी देत नाही. मी ते लेखा विभागातल्या एका भल्या लिपिकाकडून शिकले. २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायद्याने शिक्षण आणि नोंदणीचं चित्र बदलेल. वॉर्डातलं बदलणं मात्र राज्याच्याच हातात आहे. स्वतंत्र परिचर्या संचालनालयाची मागणी जुनी आहे. ते होईल तेव्हा होवो, निदान तोवर रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत अधिसेविकेला खुर्ची आणि मत दोन्ही असू द्या. मी तिथे बहुतेक वेळा चहा आला का, हे बघायला बोलावली जायचे.

आपला पुढचा जिल्हा दौरा असेल तेव्हा एक करून पाहा. आधी कळवू नका, नाही तर आदल्या रात्री पडदे बदलले जातील. रात्री अकरानंतर मेडिसिनच्या वॉर्डात जा. तिथल्या सिस्टरला ‘काही अडचण आहे का?’ असं विचारू नका, ती ‘नाही सर’ म्हणेल. तिच्याकडे ड्युटी लिस्ट मागा, आणि तिच्या शेजारी बसून यादीतल्या नावांपैकी आत्ता इमारतीत कोण कोण आहे ते मोजा. मग डेड स्टॉक रजिस्टर मागा आणि त्यातली कुठलीही एक वस्तू दाखवायला सांगा.

उत्तर मला पाठवलं नाही तरी चालेल. शासन निर्णय काढून संकेतस्थळावर टाकला की आम्हा सगळ्यांना कळतोच.

आपली,
एक निवृत्त अधिसेविका

प्रत माहितीसाठी : मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आपल्याकडे आहेत, म्हणून. तिथली ड्युटी लिस्टही हीच आहे.