वाड्यातली फडताळे आणि नवा फ्लॅट

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पंचवटीतला वाडा सोडून पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमध्ये तुम्ही दिवाळीआधी राहायला जाणार, हे तुझ्या पत्रावरून कळले. सामान मावणार नाही या काळजीने वहिनींनी भिंतभर मोठी कपाटे करून घ्यायचे ठरवले आहे, असेही तू लिहिले आहेस. सुताराला विसार देण्यापूर्वी माझे म्हणणे एकदा ऐकून घ्यावेस, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

तुमच्या वाड्यात माणसे पुष्कळ आणि कपाटे मोजकी होती, तरीही मागितलेली वस्तू लगेच हाती येत असे. याचे कारण मला त्या जाड भिंतींत दिसते. भिंतीच्या पोटात बसवलेली फडताळे आणि कोनाडे वीत-दीड वीत खोल असायचे, त्यामुळे एका डब्यामागे दुसरा डबा दडून राहायला जागाच नसे. दार उघडले की सगळे समोर. फ्लॅटच्या ४ किंवा ६ इंची भिंतींत असे कोनाडे काढता येणार नाहीत, हे खरे. परंतु उथळ कप्प्यांचा विचार नव्या घरात नेता येतो, आणि तो तू न्यावास असा माझा आग्रह आहे. घरातली जागा खोल कपाटांनी वाढत नाही. तीच भिंत जमिनीपासून छतापर्यंत उथळ फळ्यांनी भरली, तर मात्र वाढते.

कपड्यांचेच घे. हँगरला टांगलेल्या सदऱ्याला जवळजवळ २ फूट खोली लागते, म्हणून सुतार सरसकट सगळे कपाट २ फुटांचे करून देतो. घडीच्या साड्यांना आणि चादरींना मात्र सव्वा फूट पुरतो. उरलेल्या जागेत मागे दुसरी रांग लागते आणि त्या रांगेतले कपडे पुढच्या लग्नसराईपर्यंत कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. तेव्हा टांगण्याचा भाग तेवढा २ फुटांचा ठेव आणि घड्यांचा भाग सव्वा फुटाचा कर. बेडरूमकडे जाणाऱ्या पॅसेजच्या भिंतीवर १ फूट खोलीच्या फळ्या लावल्यास पुस्तके, औषधे, इस्त्री, शिवणाचे सामान, सगळे तिथे एकेका रांगेत बसेल आणि जाण्या-येण्याची वाटही अडणार नाही.

स्वयंपाकघरात ओट्याखालची जागा मुळातच २ फूट खोल असते, तिथे नुसत्या फळ्या टाकणे म्हणजे मागची निम्मी जागा सोडून देणे होय. तिथे बाहेर ओढता येणाऱ्या ट्रॉल्याच हव्यात. जड पातेली आणि कुकर खाली, रोजचे डबे कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत, आणि माळ्यावर फक्त हलके सामान. वहिनींचे गुडघे दुखतात हे लक्षात घेऊन ही विभागणी तू स्वतः उभा राहून करून घे. सिलिंडर ओट्याखाली ठेवायचा असल्यास तो उभाच राहील आणि त्या खणाच्या दाराला अगदी खालच्या बाजूस जाळी असेल, हे पाहा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तळाशी साचतो, म्हणून जाळी वर देऊन उपयोग नाही.

कांदे मात्र ट्रॉलीत कोंडू नका. लासलगाव-निफाडकडच्या कांदाचाळी आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत: तळ जमिनीपासून उचललेला, बाजूंना फटी, खालून-वरून वारा खेळता. घरातही तेच तत्त्व चालते. बाल्कनीच्या सावलीत टांगलेली जाळीची टोपली किंवा सरळ एखादे शिंकाळे पुरेसे आहे. बटाटे मात्र वेगळे ठेवा. वर्षाच्या गव्हाची कोठी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, कारण पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. कोठीखाली लाकडी पाट हवा आणि गहू उन्हात खडखडीत वाळवूनच भरायला हवा.

आता कागदपत्रांविषयी. १९६९ च्या महापुरानंतर तुझ्या वडिलांनी खरेदीखते आणि दागिन्यांच्या पावत्या माळ्यावरच्या पेटीत हलवल्या. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आले यावरून पूर जोखणाऱ्या वस्तीत ते शहाणपणाचेच होते, आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये त्याचा प्रत्ययही आला. पण तुझा नवा फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. तिथे पाणी खालून येणार नाही, आले तर गच्चीच्या स्लॅबमधून पाझरेल, आणि एप्रिल-मे महिन्यांत तोच स्लॅब तापून माळा भट्टीसारखा होईल. म्हणून ती पेटी माळ्यावर चढवण्याची सवय इथे मोडायला हवी. आतल्या भिंतीलगतच्या कपाटात, छातीच्या उंचीवर, तिची जागा कर.

काकूंच्या येवल्याच्या पैठण्याही त्याच कपाटात ठेवाव्यात, असे मला वाटते. प्लास्टिकच्या पिशव्या काढून त्या मऊ सुती कापडात गुंडाळा आणि दर काही महिन्यांनी घडी बदला, नाहीतर एकाच घडीवर जरीची तार तुटते. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका.

भांडी बाजारातून पिढ्यान्‌पिढ्या घेतलेली तांब्या-पितळेची भांडी मोडीत देण्याचा विचार तू लिहिला आहेस, तो मला पटला नाही. जागा भांडी अडवत नाहीत, त्यांच्या आतली पोकळी अडवते. पातेली एकात एक बसव, हंड्यात गौरी-गणपतीच्या सजावटीचे सामान भर आणि घंगाळात दिवाळीच्या पणत्या व आकाशकंदील ठेव. प्रवासाच्या बॅगांनाही हाच नियम लाव. गोधड्या आणि रजया उन्हे दाखवून पलंगाच्या पेटीत टाकल्या की थंडीपर्यंत त्यांच्याकडे बघावे लागत नाही.

पॅसेजच्या भिंतीची लांबी-उंची, दार कोणत्या बाजूला उघडते आणि विजेचा बोर्ड कुठे आहे, एवढे मोजून मला कळव. खिडकीखालच्या भिंतीचेही माप घे. तिथे बसायची पेटी होईल, असा माझा अंदाज आहे. मापे आली की मी कागदावर आराखडा काढून पाठवतो आणि येत्या रविवारी आपण दोघे मिळून सुताराशी बोलू. काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेही