मंत्रीसाहेब, आमची मोजणी रात्री करा

माननीय नगरविकास मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

आमच्या शहरात बेघरांचं सर्वेक्षण नुकतंच उरकलं. पुलाखाली राहणाऱ्या आम्हा बायकांपैकी एकीचंही नाव त्यात नाही. मोजणी रात्री करू, असा शब्द आम्हाला दिला होता. माणसं आली भर सकाळी, आम्ही धुण्याभांड्याला गेल्यावर. जागेवर होते दोन म्हातारे आणि खांबाला बांधून ठेवलेली आमची बोचकी. म्हाताऱ्यांची नावं लिहिली, बोचक्यांचा फोटो काढला आणि निघून गेले. बोचकी कुणाची, एवढंही विचारावंसं वाटलं नाही?

२०११ च्या जनगणनेत बेघरांना २८ फेब्रुवारीच्या रात्री मोजलं होतं. देशात १७ लाखांवर, महाराष्ट्रात २ लाख १० हजारांच्या आसपास. म्हणजे त्या एका रात्री जे उघड्यावर सापडले ते. पण साहेब, बाई सापडेल अशा जागी झोपतच नाही. नवरा गेल्यावर सासरच्यांनी मला बाहेर काढलं, तेव्हा मुलगी लहान होती. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात पेशंटची नातेवाईक बनून मी रात्री काढल्या. कुणी उचलून नेऊ नये म्हणून ओढणीचं एक टोक तिच्या पायाला बांधायचं, दुसरं माझ्या मनगटाला. रखवालदार ‘कुठला वॉर्ड?’ म्हणून दरडावायचा, की तिला कडेवर घेऊन स्टेशन गाठायचं. तिथून पोलीस हुसकावायचे. डोळा लागायचा तो दिवसा, बागेतल्या बाकावर. सांगा, त्या वर्षांत मी तुमच्या कुठल्या रकान्यात होते? लग्नाच्या हंगामात केटररकडे रात्रभर भांडी घासणारी पोरंही फुटपाथवरच राहतात. रात्रीच्या फेरीत ती कशी दिसणार?

आता म्हणतात, बेघर कमी आहेत, निवारा वाढवायची गरज नाही. अहो, लाख लोकवस्तीमागे शंभर जणांचा निवारा, हा तुमच्याच नागरी उपजीविका अभियानाने घालून दिलेला नियम. तो शहराच्या लोकसंख्येवर चालतो, आमच्या डोक्यांवर नाही. निवारे उभारा, असं सुप्रीम कोर्टानेही २०१० साली बजावलं. मग चुकीची मोजणी पुढे करून आमचा हक्क का मारता?

गणना पुन्हा करा. एका फेरीत भागणार नाही. रात्री या, पहाटे या, दवाखान्यात आणि स्टेशनातही या. सोबत बायका असू द्या, आणि आमच्यातल्या दोघीतिघी घ्या, कोण कुठे टेकतं ते आम्हाला ठाऊक असतं. नाव लिहिलं की पावती द्या.

पावती एवढ्यासाठी, की या राज्यात माणसापेक्षा कागद मोठा. रेशन मागितलं की पत्ता विचारतात, घरकुल मागितलं की जुना पुरावा. आणि अतिक्रमणाची गाडी येते ती तोच पुरावा बोचक्यासकट उचलून नेते. माझं आधार कार्ड तसंच गेलं. आम्हाला उठवायला येणाऱ्यांना आमची जागा बरोबर सापडते, कितीही वाजता. मोजायला येणाऱ्यांनाच ती का सापडत नाही, याचं उत्तर मला लेखी हवं आहे.

आपली,
पुलाखाली राहणारी एक घरकामगार