मेकाट्रॉनिक युनिटचा दावा नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
वाढीव वॉरंटी विभाग

विषय : वापरलेल्या परफॉर्मन्स गाडीसाठी घेतलेल्या वाढीव वॉरंटीचा दावा चुकीच्या कारणांनी नाकारल्याबाबत, तसेच विक्रीच्या वेळी दिलेले लेखी खुलासे न पाळल्याबाबत.

महोदय,

माझ्या गाडीच्या गिअरबॉक्समधील मेकाट्रॉनिक युनिटच्या, म्हणजे क्लच व गिअर चालवणाऱ्या हायड्रॉलिक-इलेक्ट्रॉनिक जोडाच्या, दुरुस्तीचा दावा आपल्या कार्यालयाने दोन ओळींच्या ई-मेलने नाकारला आहे. पहिल्या ओळीत ‘नैसर्गिक झीज’ हे कारण आहे आणि दुसऱ्या ओळीत ‘इंजिनाच्या सॉफ्टवेअरमधील अनधिकृत बदल’ हे. दोन्ही कारणे वस्तुस्थितीला धरून नाहीत. त्याहून मनाला लागलेली गोष्ट ही, की नेमक्या याच दोन मुद्द्यांवर मी करार करण्यापूर्वी आपल्या विक्री विभागाला लेखी प्रश्न विचारले होते, त्यांची लेखी उत्तरे मला मिळाली होती आणि त्या उत्तरांवर विसंबूनच मी इतर दोन पर्याय बाजूला ठेवून आपला करार निवडला होता. जे उत्तर पैसे भरण्यापूर्वी दिले गेले, तेच दाव्याच्या वेळी लागू असले पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे आणि तिच्या पुष्ट्यर्थ सर्व हकिकत क्रमाने मांडत आहे.

मी गाडी घेतली तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि ७१,००० किलोमीटर चालली होती. सहा सिलिंडर, दोन टर्बो, इंधनाची थेट सिलिंडरमध्ये फवारणी आणि सात गिअरांचा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स अशी तिची रचना आहे. निर्मात्याची मूळ वॉरंटी संपलेली होती. अशी गाडी वापरलेली घेणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असावी लागते : गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. टर्बो किंवा गिअरबॉक्स बदलायची वेळ आली, तर नव्या गाडीच्या मालकाला जो खर्च येईल तोच जुन्या गाडीच्या मालकालाही येतो. म्हणून वॉरंटी निवडताना मी घाई केली नाही. तीन करारांचे मसुदे मागवून घेतले आणि त्यांतील बारीक अक्षरांचा भाग आधी वाचला.

पहिला करार नावानिशी दिलेल्या भागांचा होता, म्हणजे जो भाग यादीत आहे त्यालाच संरक्षण. इंजिनाचे आतले वंगणयुक्त भाग त्यात होते, गिअर आणि शाफ्ट होते, परंतु सेन्सर, सोलेनॉइड (विजेच्या वेटोळीने चालणारे व्हॉल्व्ह), वायरिंग आणि कंट्रोल युनिट नव्हते. परफॉर्मन्स गाड्यांच्या संदर्भात लोक मोठ्या यांत्रिक दुखण्यांबद्दल अधिक बोलतात. पोर्शेच्या १९९७ ते २००८ या काळातील अनेक इंजिनांमधले इंटरमीडिएट शाफ्टचे बेअरिंग आणि २००७ ते २०१३ या काळातील बीएमडब्ल्यू एम-३ च्या व्ही-८ इंजिनाची कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे ही त्यांतली सर्वपरिचित उदाहरणे आहेत. अशा दुखण्यांना पहिला करार कदाचित पुरला असता. परंतु आजच्या गाडीत यंत्राइतकेच इलेक्ट्रॉनिक भागही बंद पडतात, आणि यादीच्या करारात नेमके तेच सुटतात. शिवाय एका दाव्यासाठी मिळणारी कमाल रक्कम इतकी कमी होती, की गिअरबॉक्सचे मोठे काम निघाल्यास निम्म्याहून अधिक भार माझ्यावरच पडला असता. दुसरा पर्याय निर्मात्याच्या स्वतःच्या योजनेचा होता, पण आधीच्या मालकाने एक सर्व्हिस स्वतंत्र वर्कशॉपमध्ये करून घेतल्यामुळे तो मार्ग बंद झाला. आपला करार वगळलेल्या भागांचा आहे. जे वगळलेले म्हणून लिहिलेले नाही, ते सर्व त्यात येते. कमाल मर्यादाही दाव्याच्या दिवशीच्या गाडीच्या बाजारभावाइतकी आहे. तिघांत आपला हप्ता सर्वांत जास्त होता आणि तो मी समजून-उमजून भरला.

तरीही वगळलेल्या भागांच्या यादीतील दोन-तीन शब्द मला सैल वाटले. म्हणून मी विक्री विभागाला चार प्रश्न पाठवले. झीज कुठे संपते आणि बिघाड कुठे सुरू होतो, हा पहिला. उत्तर आले, की ब्रेक पॅड, डिस्क, टायर, वायपर आणि क्लचच्या घर्षण प्लेट्स हे झिजणारे भाग समजले जातात. गिअरबॉक्सचा अन्य कोणताही भाग अचानक काम करेनासा झाला, तर तो यांत्रिक किंवा विद्युत बिघाड धरला जाईल. दुसरा प्रश्न सॉफ्टवेअरचा होता. आधीच्या मालकाच्या काळात अधिकृत सर्व्हिस सेंटरने इंजिनाच्या कंट्रोल युनिटमध्ये निर्मात्याचे नवे सॉफ्टवेअर दोनदा भरले होते, हे मी स्वतःहून कळवले आणि त्याची नोंद पुढे माझ्याविरुद्ध वापरली जाईल का, असे विचारले. निर्मात्याचे अधिकृत अपडेट हा बदल मानला जात नाही, पावत्या जपून ठेवाव्यात, असे मला सांगण्यात आले. स्वतंत्र वर्कशॉपमधील सर्व्हिसबद्दल तिसरा प्रश्न होता. निर्मात्याने ठरवलेल्या दर्जाचे तेल वापरलेले असावे आणि पावतीवर तारीख व किलोमीटर असावेत, एवढीच अट सांगण्यात आली. दोष शोधण्यासाठी गिअरबॉक्स उघडावा लागल्यास तो खर्च कोणाचा, हा चौथा. दावा मान्य झाल्यास कंपनीचा, असे उत्तर मिळाले. हा सर्व पत्रव्यवहार सोबत जोडला आहे.

बिघाड कराराच्या ११८व्या दिवशी झाला. सुरुवातीचा ३० दिवसांचा प्रतीक्षा काळ केव्हाच संपलेला होता. महामार्गावर एका ट्रकला ओलांडून मी वेग कमी करत असताना चौथ्या गिअरमधून तिसऱ्यात येण्याच्या क्षणी हलकासा धक्का बसला आणि डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचा इशारा उमटला. त्यानंतर गाडी पहिल्यातून थेट तिसऱ्यात आणि तिसऱ्यातून थेट पाचव्यात जाऊ लागली. दुसरा, चौथा आणि सहावा गिअर नाहीसे झाले होते. दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सची ज्याला माहिती आहे, त्याला एवढ्यावरूनही पुष्कळ कळते, कारण त्यात विषम गिअर एका क्लचवर आणि सम गिअर दुसऱ्यावर असतात. एक बाजू बंद पडली, की दुसरीवर गाडी कशीबशी घरापर्यंत येते. माझ्या गाडीत रिव्हर्सही सम बाजूला आहे. त्यामुळे वर्कशॉपच्या फाटकाशी पोहोचल्यावर ती मागे घेता येईना आणि तीन जणांनी ढकलून ती लिफ्टवर चढवली. मी त्याच दिवशी आपल्या दावा विभागाला कळवले आणि मंजुरी मिळेपर्यंत एकही बोल्ट न उघडण्याची सूचना वर्कशॉपला दिली.

आपले सर्व्हेअर ११व्या दिवशी आले. तोवर गाडी लिफ्टवर होती आणि जागेचे भाडे चढत होते. स्कॅनरमध्ये दोन दोष आधीच नोंदलेले होते : सम बाजूच्या क्लचचा दाब नियंत्रित करणाऱ्या सोलेनॉइडचे विद्युत मंडल खंडित असल्याचा एक आणि त्याच बाजूच्या दाब-सेन्सरचे मूल्य मर्यादेबाहेर असल्याचा दुसरा. सर्व्हेअरच्या सांगण्यावरून गिअरबॉक्सचे तेल काढले गेले आणि आवरण उघडले गेले. मी तिथे उभा होतो. मेकॅनिकने काचेच्या बरणीत घेतलेले तेल खिडकीच्या उजेडात धरले तेव्हा ते स्वच्छ, पिवळसर दिसत होते. त्याला जळका वास नव्हता. फिल्टर कापून त्याच्या घड्या पांढऱ्या कागदावर उलगडल्या गेल्या. क्लच प्लेट झिजते किंवा जळते तेव्हा त्या घड्यांमध्ये काळपट, मऊसर भुकटी साठते. इथे ती नव्हती. शेवटी मल्टिमीटरने सोलेनॉइडचा रोध मोजला, तेव्हा तो अनंत आला. आतली वेटोळी तुटलेली होती. हे सर्व सर्व्हेअरसमोर घडले आहे आणि वर्कशॉपच्या लेखी अहवालात छायाचित्रांसह नोंदलेले आहे.

आता नकाराच्या पहिल्या कारणाकडे येतो. क्लच हा झिजणारा भाग आहे, हे मला मान्यच आहे. पण मी क्लचचा दावा केलेलाच नाही. मेकाट्रॉनिक युनिट म्हणजे तेलाचा दाब वळवणारे हायड्रॉलिक व्हॉल्व्ह आणि त्यांना हुकूम देणारे इलेक्ट्रॉनिक्स यांचा एकत्र जोड. तो क्लचला चालवतो, परंतु तो क्लच नव्हे. ही काही नवलाईची यंत्रणा राहिलेली नाही. २००३ साली फोक्सवॅगनने गोल्फ आर-३२ मध्ये दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स आणला, त्याला दोन दशके उलटली आहेत, आणि अशा गाड्यांचे करार विकणाऱ्या कंपनीच्या सर्व्हेअरला हा फरक माहीत असणे आवश्यक आहे. तुटलेली तार घर्षणाने झिजत नाही. ती आदल्या दिवशी काम करत होती आणि त्या दिवशी बंद पडली. आपल्याच विक्री विभागाने बिघाडाची जी व्याख्या मला लिहून दिली, तीत हे प्रकरण शब्दशः बसते. गिअरबॉक्सच्या तेलाची बदलीही चुकलेली नाही. ती निर्मात्याच्या वेळापत्रकाप्रमाणे ६०,००० किलोमीटरला अपेक्षित होती आणि आधीच्या मालकाने ५८,४०० किलोमीटरला, ठरवलेल्या दर्जाचे तेल वापरून, फिल्टरसह करून घेतली होती. पावती जोडली आहे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे, कारण त्यात माझ्या प्रामाणिकपणावर शंका घेतली आहे. सर्व्हेअरने इंजिनाच्या कंट्रोल युनिटमधील फ्लॅश काउंटर वाचला, त्यावर दोन हा आकडा दिसला आणि तेवढ्यावरून गाडी रिमॅप केलेली आहे, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी तिचे सॉफ्टवेअर बदललेले आहे, असा निष्कर्ष काढला गेला. हे सुतावरून स्वर्ग गाठणे झाले. काउंटर फक्त सॉफ्टवेअर किती वेळा भरले हे सांगतो. काय भरले हे तो सांगत नाही. ते पाहायचे असेल तर युनिटमधील सॉफ्टवेअरचा कॅलिब्रेशन क्रमांक आणि त्यासोबतचा पडताळणी क्रमांक वाचून ते निर्मात्याच्या नोंदींशी ताडून पाहावे लागतात. साध्या निदान-जोडणीवर काही मिनिटांत होणारे हे काम आहे. सर्व्हेअरने ते केले नाही. मी ते अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून करून घेतले. दोन्ही क्रमांक निर्मात्याच्या चालू सॉफ्टवेअरशी तंतोतंत जुळतात, आणि दोन वेळच्या अपडेटच्या दोन पावत्या माझ्याकडे आहेत. त्या आपल्याकडेही आहेत, कारण करार होण्याआधीच मी त्या पाठवल्या होत्या.

आपली सावधगिरी मला कळत नाही असे नाही. परफॉर्मन्स गाड्या रिमॅप केल्या जातात, ट्रॅकवर पळवल्या जातात आणि विकण्यापूर्वी मूळ सॉफ्टवेअरवर परत आणल्या जातात, हे खरे आहे. वाढवलेल्या टॉर्कमुळे क्लच जळाला तर त्याचा भुर्दंड कंपनीने का सोसावा, हा प्रश्नही रास्त आहे. पण इथे क्लच शाबूत आहे, तेल स्वच्छ आहे आणि बिघाड एका विद्युत वेटोळीत आहे. सॉफ्टवेअर बदललेले असते, तरी त्या बदलाचा या बिघाडाशी संबंध दाखवणे आवश्यक होते, कारण आपल्या करारातील कलमाचे शब्द ‘अशा बदलामुळे उद्भवलेला बिघाड’ असे आहेत. संशय तपासून पाहण्याचे साधन हाताशी असताना ते न वापरता दावा फेटाळणे म्हणजे सरळ हात झटकणे आहे.

दावा विभागाशी दूरध्वनीवर तीनदा बोललो. तिन्ही वेळा वेगळ्या व्यक्तीने तोच ई-मेल वाचून दाखवला. मी विक्री विभागाच्या खुलाशांचा उल्लेख केला, तेव्हा ‘विक्री विभागाने काय सांगितले ते आम्हांला बंधनकारक नाही’ असे उत्तर मिळाले. हे वाक्य मला अजिबात मान्य नाही. ज्या ग्राहकाने विचारलेच नाही, त्याला कराराचे शब्द दाखवणे एक वेळ समजू शकते. परंतु ज्याने शब्दांचा अर्थ आधी विचारला आणि ज्याला कंपनीच्या अधिकृत पत्त्यावरून तो सांगितला गेला, त्याच्यापुरता तो अर्थ कराराचाच भाग आहे. एरवी निवड करताना विचारपूस करण्यात काय हशील उरते?

माझी मागणी अशी आहे, की हा दावा ज्यांनी नाकारला त्यांच्याव्यतिरिक्त दुसऱ्या तांत्रिक अधिकाऱ्याने तो पुन्हा तपासावा, आणि मेकाट्रॉनिक युनिट, त्यासोबत अपरिहार्यपणे बदलावे लागणारे तेल, फिल्टर व सील, मजुरी, गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च आणि सर्व्हेअर येईपर्यंतच्या ११ दिवसांचे जागेचे भाडे ही रक्कम मंजूर करावी. सर्व्हेअरचा मूळ अहवाल आणि छायाचित्रे मला द्यावीत. आजवर ती मागूनही मिळालेली नाहीत. नकार कायम ठेवायचा असेल, तर कोणते कलम, त्यातील कोणते शब्द आणि कोणता पुरावा, हे सहीनिशी लिहून द्यावे. आपण या कराराचे व्यवस्थापन करता, पण जोखीम प्रत्यक्षात कोणत्या विमा कंपनीने उचलली आहे, हे करारपत्रावर स्पष्ट दिसत नाही. तिचे नाव आणि पत्ताही कळवावा, म्हणजे गरज पडल्यास मला थेट तिच्याकडे दाद मागता येईल.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तराची अपेक्षा आहे. तोपर्यंत नादुरुस्त युनिट वर्कशॉपमध्ये सीलबंद ठेवले आहे, तेलाचा नमुना आणि कापलेला फिल्टरही त्यासोबत आहे. आपल्या अधिकाऱ्याला ते कोणत्याही कामाच्या दिवशी पाहता येईल. मात्र येण्यापूर्वी मला कळवावे, कारण तपासणीच्या वेळी मी स्वतः हजर राहणार आहे.

आपला विश्वासू,
(करारधारक)